व्यास खोऱ्यात: आधी कागद, मग रस्ता, मग आदि कैलास

व्यास खोऱ्यात जायचं तर सगळ्यात आधी आपण सज्जन आहोत असा पोलिसांचा दाखला लागतो. उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्याचा हा अगदी वरचा कोपरा. एका बाजूला नेपाळ, माथ्यावर तिबेट. त्यामुळे आपण भारतीय असलो तरी छियालेखच्या तपासणी नाक्यापुढे इनर लाइन परमिटशिवाय, म्हणजे सीमाभागात जायच्या परवान्याशिवाय, सोडत नाहीत. आदि कैलास आणि ज्याच्यावर बर्फाचा ॐ दिसतो तो ओम पर्वत, हे दोन्ही पवित्र मानलेले पर्वत याच खोऱ्यात आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान पार्वती कुंड आणि गुंजीला जाऊन आले, तेव्हापासून आपल्याकडूनही बरेच लोक जाऊ लागलेत. पण जाऊन आलेल्यांना काही विचारावं तर फोटो मिळतात, कागदपत्रांचं कुणी धड सांगत नाही. म्हणून जरा तपशिलात लिहितेय.

मी आणि माझी आत्या, आम्ही दोघीच गेलो, ऑक्टोबर २०२४ मध्ये. आत्या त्रेसष्ट वर्षांची, जिल्हा परिषदेतून निवृत्त. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे तिनेच ठरवलं. बऱ्याच टूर गुंजीला मुक्काम टाकतात, एका दिवसात आदि कैलास उरकतात, दुसऱ्या दिवशी ओम पर्वत, आणि लगेच खाली. आत्याला कुटी गावात राहायचं होतं. का, तर कुंतीच्या नावाचं गाव आहे म्हणे. कारण मला फारसं पटलं नव्हतं, पण बेत चांगला निघाला.

जायचे हंगाम दोनच: मे-जून, नाहीतर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. मधल्या पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि परमिट देणंही थांबवतात.

आता कागद. आम्हाला लागले ते असे: आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र. अर्ज ऑनलाइन भरता येतो, कागद स्कॅन करून त्यालाच जोडायचे. परमिट धारचूल्याच्या एसडीएम कार्यालयाकडून (आपल्याकडचं प्रांत कार्यालय) मिळतं. नियम हंगामागणिक थोडे बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी धारचूल्याच्या एखाद्या हॉटेलवाल्याला किंवा गाडीवाल्याला फोन करून ताजी यादी विचारून घ्या. सगळ्यात वेळ खातो तो पोलिसांचा दाखला. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज केला तो ११ सप्टेंबरला. फी शंभर-सव्वाशे रुपये. मग पोलिस ठाण्यातून फोन, कागद घेऊन या म्हणून. तिथल्या हवालदारांनी आत्याला विचारलं, “आजी, नोकरीसाठी पाहिजे का?” आत्या म्हणाली, “नोकरी झाली करून. आता कैलासाला जायचंय.” दाखला २७ तारखेला हातात आला. तीन आठवडे धरून चालाच.

आत्याने प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स काढल्या, स्वतः सही केली आणि खटक्याच्या प्लॅस्टिक फाइलमध्ये लावल्या. मी हसले होते तेव्हा.

४ ऑक्टोबरला पुण्याहून दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीने काठगोदाम. ६ तारखेला सकाळी स्टेशनबाहेरच पिथौरागढची शेअर टॅक्सी मिळाली. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास असलं तरी सगळा घाट आहे, आठ-नऊ तास जातात. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या आणि सकाळी पोट भरून खाऊ नका. टनकपूरपर्यंत रेल्वेने जाऊन तिथूनही वर येता येतं, तो रस्ता आता चांगला रुंद झालाय. परतताना आम्ही तोच धरला आणि मला तरी तो जास्त सुखाचा वाटला.

पिथौरागढला रात्र काढून ७ तारखेला धारचूला. वाटेत जौलजीबीला गोरी नदी कालीला मिळते, आणि तिथून पुढे काली सतत उजव्या हाताला. पलीकडचा काठ म्हणजे नेपाळ. तिथली शेतं, तिथल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे, शाळेतून घरी निघालेली पोरं, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. गंमत म्हणजे मोबाइल मधूनच नेपाळचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे जातं. धारचूल्यात “उद्या सहाला गाडी” असं कुणी म्हणालं तर कुणाचे सहा ते विचारून घ्यावं. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वेळ बदलणं बंद केलेलं बरं, रोमिंगही बंद करा.

धारचूला समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊशे मीटर, उकडतं तिथे. लॉजवर सामान टाकलं आणि आम्ही तडक सरकारी दवाखान्यात वैद्यकीय दाखल्यासाठी. रक्तदाब, ऑक्सिजन, आधीचे आजार, चालू गोळ्या. माझं झालं. आत्याचा रक्तदाब १६८ वर १००. तिला गोळी आधीपासून चालू आहे, घरी तो आटोक्यात असतो. डॉक्टर तरुण होते, शांतपणे म्हणाले, “माताजी, तीन दिन से सफर में हैं. आज सो जाइए, कल सुबह आइए.” आत्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी ती काहीच बोलली नाही. एवढ्या लांब येऊन इथूनच परत जावं लागलं तर, हा विचार दोघींच्याही डोक्यात होता, आणि दोघींनीही तो तोंडातून काढला नाही. मग आम्ही झुलता पूल ओलांडून पलीकडच्या दार्चुल्यात चक्कर मारून आलो. आधार दाखवला की पायी जाता येतं, पूल संध्याकाळी बंद होतो तेवढं लक्षात ठेवायचं. आत्याने तिथे लोकरीचे मोजे घेतले. म्हणजे जायचं तिने ठरवलंच होतं.

सकाळी १३८ वर ८६. दाखला मिळाला. तेव्हा प्रवासातून उतरल्या उतरल्या तपासणीला जाऊ नका, एक रात्र झोप काढा. आणि रक्तदाबाची गोळी, तिची चिठ्ठी, दोन्ही जवळ असू द्या.

प्रतिज्ञापत्र तहसिलीबाहेर बसलेल्या नोटरीकडून झालं. आत रांग होती, पण सरकत होती. खिडकीशी एका बंगाली दांपत्याकडे दाखल्याची झेरॉक्स नव्हती आणि बाहेर वीज गेलेली. त्यांचा मूळ दाखला घेऊन नवरा गावभर जनरेटरवाला झेरॉक्सवाला शोधत फिरला, आणि तोवर बायको आमच्या शेजारी बसून राहिली. आत्याने फाइल उघडून आमच्या प्रती एकेक करून खिडकीत सरकवल्या. आतल्या कारकुनाने फाइलकडे बघितलं, मग आत्याकडे. “सरकारी नौकरी में थीं?” त्यानंतर त्या दोघांची पेन्शन, महागाई भत्ता आणि बदल्या यांवर पाचेक मिनिटं चर्चा झाली; मागच्या बिचाऱ्या रांगेने ती सहनशीलतेने ऐकली. ८ तारखेला संध्याकाळी परमिट हातात. त्यावर तारखा असतात, अर्ज करतानाच एक-दोन दिवस जास्तीचे मागा. रस्ता बंद झाला तर ते लागतात.

त्या बंगाली दांपत्याबरोबरच आम्ही गाडी ठरवली. बोलेरो, स्थानिक चालक, चार रात्री, सोळा हजार; माणशी चार हजार पडले. स्वतःची गाडी न्यायचा विचार असेल तर माझं मत विचाराल तर नको. रस्ता सीमा सडक संघटनेने मोठ्या कष्टाने कातळ फोडून काढलाय, लिपूलेखपर्यंतच्या रस्त्याचं उद्घाटन ८ मे २०२० ला झालं, पण तो अजून ठिकठिकाणी कच्चा आहे. वरून झरे थेट टपावर पडतात, आणि समोरून लष्कराचा ट्रक आला की कुणी किती मागे घ्यायचं हे तिथल्याच माणसाला कळतं.

९ तारखेला सकाळी सहाला निघालो. (भारताचे सहा.) तवाघाटला धौलीगंगा कालीला मिळते, तिथून चढ सुरू. तवाघाटच्या थोडं पुढे दरड. गाड्यांची रांग, पुढे एक जेसीबी, आणि वरून अधूनमधून दगड. आम्ही पावणेपाच तास बसून होतो. कुणी चिडलं नाही याचं मला नवल वाटलं. लोकांनी गाडीतून स्टोव्ह काढले, चहा झाला, एका घरातली कोंबडी पळाली ती सगळ्यांनी मिळून पकडली. आमच्या चालकाला विचारलं की नेहमी असंच का, तर म्हणाला, आज लवकर उघडला.

पुढे मालपा येतं. ऑगस्ट १९९८ मध्ये इथे रात्री डोंगर कोसळला आणि कैलास-मानसरोवरच्या यात्रेकरूंसह दोनशेहून जास्त माणसं गेली. नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्यांतल्याच. आता तिथून गाडीने दोन मिनिटांत पुढे जातो आपण. चालकाने गाडी थांबवली नाही, फक्त गाणं बंद केलं.

बुधी गावानंतर छियालेखचा घाट. वळणं इतकी जवळजवळ की खालची गाडी आपल्या पायाखाली दिसते. माथ्यावर एकदम मोकळं पठार आणि तिथेच परमिटची तपासणी. नाव, नंबर, सही. मूळ परमिट दाखवायचं आणि एक प्रत द्यायची. इथे पुन्हा झेरॉक्स लागली, आणि इथे झेरॉक्सचं दुकान नाही. बंगाली काकांना आत्याने आदल्या दिवशीच दोन जास्तीच्या प्रती काढायला लावल्या होत्या.

मग गर्ब्यांग. कोरीव लाकडी दारं-खिडक्यांची जुनी घरं, आणि बरीचशी तिरकी झालेली, कारण गाव जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय आणि जमीन खचतेय. एके काळी तिबेटच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं गाव. मीठ, लोकर इकडे यायचं, धान्य तिकडे जायचं. १९६२ च्या युद्धाने ते बंद पडलं. इथल्या रं समाजाची आडनावं गावांवरून पडलेली: गर्ब्यांगचे गर्ब्याल, गुंजीचे गुंज्याल, नाबीचे नबियाल, कुटीचे कुटियाल. आपल्या पुणेकर-नाशिककरांसारखंच म्हणा, फक्त इथे आडनाव सांगितलं की पुढच्याला घराचा दरवाजासुद्धा आठवतो.

गुंजीला पोचायला अंधार पडला. उंची साधारण ३,२०० मीटर. एका दिवसात नऊशेवरून इथे, हे शरीराला जड जातं. माझं डोकं रात्रभर ठणकत होतं, आत्या मात्र घोरत होती. होमस्टे माणशी बाराशे, दोन वेळच्या जेवणासकट. पांघरुणं भरपूर, वीज येऊन-जाऊन, गरम पाणी बादलीने. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते घरून निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर हजारभर रुपयांत येतं, ते न्या. तिथला आकडा घरच्यापेक्षा कमीच येणार, त्याने घाबरू नका. पण डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, तोल जायला लागला तर खाली उतरायचं, दर्शन झालेलं असो वा नसो.

१० तारीख आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली होती. बंगाली काका-काकूंना आधी ते पटत नव्हतं. पण सकाळी काकूंनाच उठवेना, मग पटलं. दुपारी हळूहळू चालत नाबीपर्यंत गेलो. गावात लगबग होती. फाफर (कुट्टू) कापून झालेला, बटाटे पोत्यांत भरत होते, छपरांवर मुळ्याच्या फोडी आणि पालेभाज्या वाळत टाकलेल्या. नोव्हेंबर लागला की अख्खं खोरं धारचूल्याच्या बाजूला उतरतं, घरांना कुलपं लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा वर. एक आजी उन्हात बसून लोकर कातत होत्या. आत्याने विचारलं, हिवाळ्यात घराकडे कोण बघतं? त्या म्हणाल्या, “बरफ.”

११ ला कुटी. तो दिवस अष्टमीचा आणि आत्याचे नवरात्राचे उठता-बसता उपवास. कुटी ३,७०० मीटरच्या वर आहे, आणि रिकाम्या पोटी एवढ्या उंचीवर राहू नका असं दवाखान्यातून बजावून सांगितलेलं. साबुदाणा आम्ही नेला होता, पण तो तिथे शिजता शिजेना. होमस्टेच्या दीदींनी चुलीशी बसवलं. काळसर पीठ परातीत घेऊन पातळसर भिजवलं, तव्यावर हाताने फिरवत पसरलं, कडा सुटल्या तशी उलटली. फाफराची भाकरी. उत्तरेकडे हेच पीठ उपासाला खातात हे आत्याला ठाऊक होतं, फक्त आपल्याकडे चालतं का हा प्रश्न. तिने थोडा विचार केला. “भगर चालते तर हे का नाही?” झालं. बटाट्याच्या भाजीला दीदींनी जंबूची फोडणी दिली. हे वाळवलेलं डोंगरी पातं, कांदा-लसणाच्या कुळातलं. ते कळल्यावर आत्याने भाजी बाजूला सारली आणि लोण्याबरोबर भाकरी खाल्ली. तिसरी भाकरी मागताना म्हणाली, “देवीला डॉक्टरांचं कळतं गं.” नंतर मीठ घातलेला लोण्याचा चहा आला, तो मात्र मलाच दोनदा प्यावा लागला. एक माझा, एक तिचा.

कुटीतल्या त्या एका रात्रीसाठी तरी मी सांगेन की एक मुक्काम इथे कराच. आदि कैलासाजवळच्या जोलिंगकाँगला सकाळी लवकर पोचता येतं हा व्यवहारी फायदा आहेच. पण गुंजीत आता तंबू, बांधकामं, गाड्या असं बरंच काही झालंय. कुटीत अजून गावकऱ्यांच्या वेळापत्रकाने राहावं लागतं. साडेसातला दिवे बंद म्हणजे बंद.

१२ ला दसरा. पहाटे निघून जोलिंगकाँग. इथे पुन्हा नोंद. गाडी थांबते तिथून पार्वती सरोवर (तेच पार्वती कुंड) दोन-तीन किलोमीटर, चढ फारसा नाही, पण साडेचार हजार मीटरच्या आसपास दर वीस पावलांवर थांबावं लागतं. घोडे मिळतात, आत्याने जाताना घेतला, येताना चालत आली. सरोवराशी शंकर-पार्वतीचं देऊळ, मागे आदि कैलास. तो ढगात नव्हता. आम्ही पोचल्यावर पाऊण तास पूर्ण मोकळा होता, मग पायथ्याकडून धुकं चढायला लागलं. याबद्दल जास्त लिहीत नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेत आणि तो फोटोतल्यासारखाच दिसतो. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे थंडी. वारा सुटला की हातमोजे काढून मोबाइल धरणं मुश्कील होतं. आत्याने फाइलमधून आपट्याची पानं काढली, झेरॉक्सच्या मध्ये दाबून पुण्याहून आणलेली, आणि चालकापासून सगळ्यांना सोनं दिलं. काकू पाया पडल्या. त्यांचं पूजेचं घर तिकडे लांब आसनसोलला.

ओम पर्वतासाठी १३ ला पहाटे गुंजीहून कालापानीमार्गे नाभीढांग. कालापानीला कालीमातेचं देऊळ आहे, तिथेच नदीचा उगम मानतात. जवान देवळाची छान निगा राखतात. छावण्यांचे, पुलांचे फोटो काढू नका, कुणी हटकायची वाट बघू नका. नाभीढांगला सकाळी सात-आठच्या आत पोचलात तर पर्वत दिसण्याची शक्यता जास्त. आम्हाला दिसला, पण ॐ पूर्ण भरलेला नव्हता, बर्फ कमी होतं. त्याच ऑगस्टमध्ये तर तो पर्वत अगदी उघडा पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. काका थोडे हिरमुसले. त्याच दिवशी उतरून रात्री धारचूला. दरड लागली नाही.

खर्च माणशी तेवीस-चोवीस हजार झाला, पुणे ते पुणे, थर्ड एसी धरून. एटीएमवर धारचूल्यानंतर विसंबू नका, पुढे रोकडच. पाचशेच्या सुट्ट्यासाठी सगळे अडतात, त्यामुळे शंभराच्या नोटा ठेवा. फोन गुंजीत कधी लागतो, कधी नाही, कुटीत धरूनच चालू नका. घरच्यांना आधी सांगून ठेवा. होमस्टेचं आगाऊ बुकिंग ऑनलाइन शोधण्यापेक्षा धारचूल्यात विचारणं सोपं पडतं, कारण प्रत्येक घराचं कुणी ना कुणी तिथे खाली असतंच. आम्हाला कुटीचं घर असंच मिळालं, औषधाच्या दुकानात गोळ्या घेताना. दुकानदाराचं आडनाव कुटियाल होतं.